पन्नास ग्रॅम

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात एकतीस वर्षं
मी कांदा मापला. खाल्ला नाही.
गोल्टी, जोड, डेंगळ्याचा,
हात लागला की सांगायचो
किती पाणी प्यालाय,
चाळीत दिवाळीपर्यंत टिकंल का नाही.
सांजंला घरी आलो की कौतिका दारातच अडवायची,
"आधी न्हाणीत जा. माणूस आला का गोणी आली, कळंना."
माझा सदरा वेगळ्या बादलीत.
पोरीला बघायला पाहुणे येणार होते
तेव्हा तीन दिवस आधी खाडा करायला लावला,
तरी वास गेला नाही.
सोयरीक जमली, ते वेगळं.

आता मापाड्याचा बिल्ला खिळ्याला.
कौतिकाच्या रक्तात साखर निघाली,
उपाशीपोटी एकशे अठ्ठ्याऐंशी.
मी आकडा दोनदा विचारला,
काट्यात खोट असावी तसा.

तहसीन सिस्टरनं कागदावर ताट काढलं,
एक गोल, मधून रेघ.
अर्ध्यात पालेभाजी, काकडी, कच्चा कांदा,
उरलेल्यात वरण आणि ज्वारीची एक भाकर.
"एकच?" कौतिका म्हणाली,
जसं कुणी पोत मोडायला सांगितलं.
"आधी कांदा-काकडी चावून खा मावशी, मग भाकर.
आपोआप हात आवरतो."
मी विचारलं, कांद्यानं साखर जाती म्हणतात मोंढ्यात?
ती हसली नाही.
"कांद्यानं नाही जात काका. गोळी चुकवायची नाही.
कांदा नुसता सोबतीला."
किती?
"पन्नासेक ग्रॅम."

पन्नास ग्रॅम!
एवढ्याला माझ्याकडं वजनच नव्हतं.
एवढा तर गोणी शिवताना घरंगळायचा,
निवडणाऱ्या बाया ओट्यात टाकून न्यायच्या,
अडत्याही तिकडं बघायचा नाही.

पहिल्या दिवशी मी बुक्कीनं फोडला.
"चकत्या करा," ती म्हणाली, "माणसात राहतो आपण."
मग विळी घेतली
आणि डोळ्यांतून धार लागली.
एकतीस वर्षं त्याच्यातच लोळलो,
पण अख्खा कांदा रडवत नाही
हे मला साठीनंतर कळलं.
कौतिका पदर तोंडाला लावून हसत होती.
"आलं का पाणी? मला रोज यायचं."

आषाढात कांदेनवमी आली.
दरसाल ती त्या दिवशी भज्यांचा घाणा काढायची,
गल्लीभर वाटायची,
आणि मग चार महिने घरात कांदा-लसूण बंद.
यंदा घाणा नाही. पातीचा झुणका, तेल बोटभर.
रात्री देवापुढं बराच वेळ बसली,
ओठ हलत होते, मला ऐकू आलं नाही.
एकादशी झाली, बारस सोडायला ताटं मांडली.
मी विळी मांडून नुसता बसलेलो,
चिरावा का नाही.
"चिरा की," ती म्हणाली.
"त्याच्याशी बोलणं झालंय माझं.
यंदा कांदा नाही, साखर सोडली.
चहातली बी."

आता रात्री ती बोलते तेव्हा कांद्याचा वास येतो.
मी न्हाणीकडं बोट दाखवत नाही.
दिवा जवळ ओढतो, तिचे पाय मांडीवर घेतो.
सिस्टरनं सांगितलंय, रोज बघायचं,
तिला टाचेतला काटा कळत नाही हल्ली.
फोड नाही, चीर नाही, काळं पडलेलं नाही,
बाहेरदेशी जाणारा माल निवडावा
तसं एकेक बोट उलटून बघतो
आणि मोठ्यानं मोजतो.
ती म्हणते, हळू, शेजारी ऐकतील.
ऐकू देत.
मापाड्यानं पहिल्याला एक म्हणायचं नसतं.
लाभ,
दोन,
तीन...